क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे आणि परिसर: सासूबाईंसह तीन दिवस कसे आखावेत?

मुलुंडकर

नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे क्वालालंपूरला जाणार आहोत: मी, माझे यजमान, नववीत शिकणारी आमची मुलगी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंचे वय ७१ आहे. प्रकृती ठणठणीत आहे, परंतु गुडघे त्रास देतात, त्यामुळे एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक चालणे किंवा दोन जिन्यांहून अधिक चढणे त्यांना झेपत नाही. मुक्काम तीन रात्रींचा आहे. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत, हॉटेल मात्र अद्याप ठरलेले नाही.

या सहलीचे मूळ कारण म्हणजे पेट्रोनासचे जुळे मनोरे. मुलीला पुढे वास्तुरचना शिकायची इच्छा आहे आणि सातवीपासून ती या मनोऱ्यांविषयी मिळेल ते वाचत आली आहे. मनोऱ्यांवर जाण्याचे चौघांचे तिकीट मिळून बरीच मोठी रक्कम होते. ती खर्च करण्यात अर्थ आहे का, की मनोरे खालूनच नीट पाहावेत, असा आमच्या घरात प्रश्न आहे. शिवाय मनोऱ्यांच्या आसपास आणखी काय पाहावे, आणि ते सासूबाईंना दमवल्याशिवाय कसे पाहता येईल, हेही जाणून घ्यायचे आहे. गेल्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर आम्ही दुसऱ्या एका शहरात गेलो होतो. दोन दिवसांत अकरा ठिकाणे दाखवण्यात आली आणि त्यांतल्या सात ठिकाणी सासूबाई बसमध्येच बसून राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला त्याचे फार वाईट वाटले. या वेळी तसे होऊ द्यायचे नाही.

आणखी दोन गोष्टी आहेत. सासूबाई अंडेही खात नाहीत आणि चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करतात. कार्तिकी एकादशी त्या सुमारासच येत असल्याने प्रवासातही त्यांचा हा नेम चालू असेल. दुसरे म्हणजे तिथल्या प्रसिद्ध बाटू गुंफांमध्ये कार्तिकस्वामींचे मंदिर आहे असे समजल्यापासून त्या अस्वस्थ आहेत, कारण बायकांनी कार्तिकस्वामींचे दर्शन घेऊ नये असे त्यांच्या माहेरी आणि सासरीही मानत आले आहेत. त्यांची ही भावना मला मोडून काढायची नाही, समजून घ्यायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_स्थापत्यकार

आपल्या मुलीचा उल्लेख वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझी उभी हयात मुंबईत काँक्रीटच्या कामात गेली आणि निवृत्तीनंतर केलेला पहिला परदेश प्रवास क्वालालंपूरचाच होता.

तिकिटाचे आधी सांगून टाकतो. मुलीसाठी आणि तिच्याबरोबर एका मोठ्या माणसासाठी ते जरूर काढावे. प्रवेश ठरावीक वेळेचा आणि मोजक्या लोकांचा असतो, त्यामुळे अधिकृत संकेतस्थळावर आधीच नोंदणी करणे इष्ट. सोमवारी मनोरे पाहुण्यांसाठी बंद असतात आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मध्यंतर असते. आपल्या तीन दिवसांत सोमवार येत असेल तर आखणी त्याभोवतीच करावी लागेल. आधी ४१व्या मजल्यावरच्या पुलावर नेतात, तिथे थोडा वेळ देतात, मग ८३व्या मजल्यावर लिफ्ट बदलून ८६व्या मजल्यावरच्या निरीक्षण कक्षात पोहोचवतात. सगळा प्रवास लिफ्टने होत असल्यामुळे गुडघ्यांना त्याचा त्रास नाही. तरीही सासूबाईंना उंचीची आवड नसेल तर त्यांनी वर गेलेच पाहिजे असे मला वाटत नाही, कारण या मनोऱ्यांचे खरे सौंदर्य खालून आणि थोड्या अंतरावरून उमगते.

आता मुलीसाठी. मनोऱ्यांची उंची ४५१.९ मीटर असून प्रत्येकाला ८८ मजले आहेत. आपल्या राजाबाई मनोऱ्याची उंची सुमारे ८५ मीटर आहे. तसे पाच मनोरे एकावर एक ठेवले तरी पेट्रोनासचे टोक गाठता येणार नाही. १९९८ ते २००४ या काळात ही जगातली सर्वांत उंच इमारत गणली जात होती. पुढे तैपेईच्या १०१ मजली इमारतीने तो मान घेतला. हा आकडा तिला ठाऊक असेलच. मला तिला जे सांगायचे आहे ते जमिनीखालचे आहे, कारण ते तिथे उभे राहून दिसत नाही आणि पाहुण्यांपैकी फारच थोडे त्याचा विचार करतात.

क्वालालंपूरच्या भूगर्भात चुनखडक आहे. पावसाचे पाणी हजारो वर्षे मुरून चुनखडक विरघळतो आणि त्यात पोकळ्या होतात. बाटूच्या प्रचंड गुंफा म्हणजे हीच क्रिया डोंगरात झालेली आपण पाहतो. तशीच ती शहराच्या पोटातही झाली आहे. मनोऱ्यांसाठी मूळ ठरवलेल्या जागी भूस्तराची तपासणी केली तेव्हा एका बाजूला खडक वर आणि दुसऱ्या बाजूला खोल गेलेला, त्यात पोकळ्या, असे आढळले. पाया असमान खचला तर एवढी उंच इमारत कलणार हे उघड होते. म्हणून संपूर्ण जागाच सुमारे ६० मीटर सरकवण्यात आली, आणि खडकावर टेकण्याऐवजी भोवतालच्या मातीच्या घर्षणावर भार पेलणाऱ्या १०४ स्तंभिकांवर, म्हणजे आमच्या भाषेत पाइल्सवर, पाया बेतला गेला. त्या पाइल्स ६० ते ११४ मीटर खोल आहेत. सर्वांत खोल पाइल उभी केली तर ती राजाबाई मनोऱ्याहून उंच भरेल, आणि ती सारी मातीत गाडलेली आहे. पाइल्सच्या डोक्यावर ४.५ मीटर जाडीचा काँक्रीटचा सलग थर आहे. एका मनोऱ्याच्या थरासाठी १३,२०० घनमीटर काँक्रीट सलग ५४ तास ओतत होते. मधे थांबले तर सांधा राहतो, आणि सांधा म्हणजे दुबळी जागा. दोन दिवस आणि दोन रात्री गाड्यांची रांग तुटू न देणे म्हणजे काय, हे ज्याने रात्रीचे स्लॅबचे काम उभे राहून करवून घेतले आहे त्यालाच कळेल.

दुसरी गोष्ट सामग्रीची. त्या काळापर्यंत अशा उंचीच्या बहुतेक इमारती पोलादी सांगाड्याच्या होत्या. मलेशियाला पोलाद बाहेरून आणणे महाग पडले असते, आणि काँक्रीटचे काम तिथल्या कारागिरांच्या हातचे होते. म्हणून अतिशय उच्च क्षमतेचे काँक्रीट वापरले. त्यामुळे इमारत जड झाली, पण वाऱ्याने होणारे हेलकावे जिरवण्याचा गुण काँक्रीटमध्ये पोलादापेक्षा अधिक असतो, त्याचा लाभ मिळाला. आपल्याजवळ जे आहे, जे आपल्या माणसांना जमते, त्यातूनच सर्वांत उंच गोष्ट उभी करायची, हा निर्णय मला या इमारतीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

दोन मनोरे दोन वेगवेगळ्या समूहांनी बांधले, एक जपानी कंपनीच्या नेतृत्वाखाली आणि दुसरा कोरियन कंपन्यांच्या. त्यांना जोडणारा पूल ५८ मीटर लांब आणि सुमारे ७५० टन वजनाचा असून तो जमिनीपासून १७० मीटरवर आहे. मुलीला पुलाखालचे दोन तिरपे पाय दुर्बिणीतून पाहायला सांगा. ते २९व्या मजल्यापासून निघून पुलाच्या मध्याला येऊन भिडतात आणि पुलाला आधार देतात. पुलाची टोके मात्र मनोऱ्यांत घट्ट जखडलेली नाहीत. वाऱ्यात दोन्ही मनोरे आपापल्या लयीत हलतात, कधी जवळ येतात, कधी दूर जातात. पूल घट्ट बांधला असता तर फाटला असता. म्हणून त्याला सरकायला वाव ठेवला आहे. एका मनोऱ्यात आग लागल्यास माणसांना दुसऱ्या मनोऱ्यात जाता यावे, हाही त्याचा उद्देश आहे.

वास्तुरचनाकार सीझर पेली हे मूळचे अर्जेंटिनाचे. त्यांनी मजल्याचा नकाशा दोन चौरस एकमेकांवर फिरवून होणाऱ्या अष्टकोनी ताऱ्यावर बेतला, जो इस्लामी नक्षीकामात सर्वत्र आढळतो, आणि ताऱ्याच्या खोबणींत वर्तुळाचे तुकडे बसवून जागा वाढवली. घरून निघण्यापूर्वी मुलीला कागदावर ही आकृती कंपासाने काढायला लावा. मग मनोऱ्याच्या पायथ्याशी उभी राहून वर पाहील तेव्हा तिला भिंतीवरची प्रत्येक कड कुठून आली ते ओळखता येईल.

एक मुंबईकर म्हणून आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही सारी जागा पूर्वी घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होती. मैदान हलवल्यावर तिथे मनोरे आले, परंतु त्यांच्या पायथ्याशी सुमारे ५० एकरांचे उद्यान राखले गेले, ज्याची रचना ब्राझीलचे उद्यानकार रॉबर्टो बर्ले मार्क्स यांनी केली. कोणीही तिथे विनामूल्य जाऊन बसू शकतो. महालक्ष्मीच्या रेसकोर्सविषयी आपल्याकडे चाललेली चर्चा ज्यांना महत्त्वाची वाटते, त्यांनी हे उद्यान पायी फिरून पाहावे असे मला मनापासून वाटते.

बकुळफूल

मी सहा वर्षे क्वालालंपूरला राहिले आहे, आता ठाण्यात असते. वरच्या काकांनी मनोऱ्यांबद्दल इतके सुंदर लिहिले आहे की मी फक्त परिसर आणि आखणी यांविषयी लिहिते.

सासूबाई बरोबर असताना सर्वांत महत्त्वाचा निर्णय हॉटेलचा. ते 'केएलसीसी' स्थानकाजवळ किंवा 'केएल सेंट्रल' स्थानकाजवळ घ्यावे, म्हणजे दुपारी दोन तास पडून पुन्हा बाहेर पडता येते. ही दोन्ही स्थानके एलआरटी या शहरी रेल्वेच्या केलाना जया मार्गावर आहेत, आणि या मार्गाचा मधला तुकडा म्हणजे या शहराची ओळखच आहे. केएल सेंट्रलला ब्रिकफील्ड्स, म्हणजे तमिळ वस्ती. पुढे पासार सेनीला चिनी पेठ. मग मशीद जामेक. मग दांग वांगी. मग कांपुंग बारू, म्हणजे शहराच्या मधोमध टिकून असलेले मलय गाव. आणि मग केएलसीसी, म्हणजे मनोरे. दादरहून भायखळ्याला जाण्याइतक्या वेळात हा सगळा टप्पा संपतो. गाड्यांना चालक नसतो, त्यामुळे पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी उभे राहता येते. मुलीला ते आवडेल.

पहिल्या दिवशी काहीही पाहण्याचा अट्टहास करू नका. मुंबईहून विमानाला सुमारे पाच तास लागतात आणि तिथले घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असते, त्यामुळे रात्रीच्या विमानाने गेल्यास झोप बुडते. संध्याकाळी उद्यानात जा. सूर्या केएलसीसी या मॉलच्या मागच्या दाराने बाहेर पडले की समोर तळे आहे, त्यात कारंजी आहेत आणि अंधार पडल्यावर ती दिव्यांसह नाचतात. बसायला भरपूर जागा आहे. तिथून मनोरे डोक्यावर येतात. पूर्ण मनोरे एका नजरेत हवे असतील तर उद्यानात आणखी आत जावे.

मॉलचे नाव वाचून सासूबाई नक्की विचारतील, 'हा आपला सूर्यच का?' आपलाच. मलय भाषेत संस्कृत शब्द जागोजागी भेटतात. भाषेला 'बहासा' म्हणतात, राजकन्येला 'पुतेरी', मंत्र्याला 'मंतेरी'. 'नगारा' म्हणजे देश, म्हणून राष्ट्रीय मशिदीचे नाव 'मस्जिद नगारा'. 'भूमिपुत्र' हा शब्द तर तिथल्या राजकारणात आपल्याकडच्याइतकाच वजनदार आहे. अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेले शब्दही तिथे दिसतात: 'पासार' म्हणजे बाजार, 'मनारा' म्हणजे मनोरा, 'देवान' म्हणजे दिवाणखान्यातला दिवाण, पण अर्थ सभागृह. माझ्या आईला मी रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवायचे आणि ती एकेक शब्द ओळखायची. अनोळखी शहरात म्हाताऱ्या माणसाला आपलेपणा वाटायला याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जुने शहर पाहावे. मशीद जामेक १९०९ साली बांधली गेली आणि ती गोंबाक व क्लांग या दोन नद्यांच्या संगमावर उभी आहे. क्वालालंपूर या नावाचा अर्थच 'चिखलाचा संगम' असा आहे. १८५७ साली कथिलाच्या शोधात निघालेले खाणकाम करणारे लोक इथेच नावेतून उतरले. पलीकडे मर्डेका चौक आणि १८९७ सालची सुलतान अब्दुल समद इमारत आहे. तिचे घुमट, कमानी आणि घड्याळाचा मनोरा पाहिल्यावर मुंबईच्या माणसाला जीपीओ आठवल्यावाचून राहत नाही. १९५७ च्या ३१ ऑगस्टला मध्यरात्री याच चौकात ब्रिटिशांचा झेंडा उतरला. नमाजाच्या वेळा सोडून मशिदीत पाहुण्यांना जाता येते. अंगभर झगा आणि डोक्यावर घ्यायला रुमाल तिथेच देतात.

तिथून टॅक्सीने पाच मिनिटांत श्री महामारिअम्मन मंदिर. १८७३ साली थंबुसामी पिल्लई यांनी त्याची स्थापना केली. त्याच्या जवळजवळ समोर चिनी ग्वान दी मंदिर आहे. एकीकडे मोगऱ्याच्या माळा आणि कापूर, दुसरीकडे छताला टांगलेल्या उदबत्तीच्या वेटोळ्यांचा धूर. मी दर मंगळवारी दोन्हीकडे जात असे. इथे सासूबाईंना घाई करू नका.

जेवणाची चिंता नको. ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावरचा भात वाढणारी शुद्ध शाकाहारी खानावळ सहज मिळते. कांदा-लसणासाठी मात्र चिनी बौद्ध शाकाहारी उपाहारगृहे शोधावीत, कारण बौद्ध परंपरेत कांदा आणि लसूण दोन्ही वर्ज्य असतात. तरी अंड्याविषयी विचारून घ्यावे. अंड्याला 'तेलुर' आणि मासळीला 'इकान' म्हणतात; 'तानपा तेलुर' म्हणजे अंडे न घालता. नासी लमाक हा नारळाच्या दुधात शिजवलेला भात दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्याच्याबरोबर सुकी मासळी असते आणि चटणीत बहुधा ब्लाचान, म्हणजे सुकटीचा आंबवलेला गोळा, असतो. रोटी चनाईबरोबरची आमटीही डाळीचीच आहे ना, हे विचारावे. चहा मात्र बिनधास्त घ्यावा. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेसाळलेला 'तेह तारिक' आपल्या इराणी हॉटेलातल्या चहाला तोडीस तोड आहे.

माटुंगा_पूर्व

कार्तिकस्वामींच्या दर्शनाबद्दल लिहितो. मी मराठी, पण आमच्या इमारतीत अर्ध्याहून अधिक घरे तमिळ आहेत, आणि लहानपणापासून हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी ऐकला आहे.

आपल्याकडे कार्तिकेय ब्रह्मचारी मानले जातात आणि स्त्रियांनी त्यांचे दर्शन केवळ कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्राच्या योगावर घ्यावे अशी रूढी आहे. पुण्याच्या पर्वतीवर ही रूढी अनेकांनी पाहिली असेल. तमिळनाडूत मात्र तेच दैवत मुरुगन म्हणून पूजले जाते आणि वल्ली व देवसेना या त्यांच्या दोन पत्नी आहेत. तिथे स्त्रियांनी दर्शन न घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उलट लग्न जमावे, मूल व्हावे म्हणून स्त्रियाच मुरुगनाचे व्रत करतात. दिवाळीच्या अमावास्येनंतर प्रतिपदेपासून सहा दिवस स्कंदषष्ठीचे व्रत असते आणि त्यानंतर देवाचे लग्न लावतात. आपण दिवाळीनंतर लगेच तिथे पोहोचत असाल तर हे दिवस चालू असण्याची शक्यता आहे.

बाटू गुंफांतले मंदिर याच तमिळ परंपरेचे आहे. मळ्यांवर आणि रेल्वेच्या कामावर नेलेल्या मजुरांनी आपला देव तिथे नेला. थैपुसमच्या उत्सवात चांदीचा रथ वर सांगितलेल्या महामारिअम्मन मंदिरातून निघून रात्रभर चालत बाटूला येतो, आणि हजारो स्त्रिया डोक्यावर दुधाचे कलश घेऊन पायऱ्या चढतात. सासूबाईंना मी एवढेच सुचवेन की प्रत्येक क्षेत्राची रीत त्या क्षेत्रापुरती असते. पंढरपुरात आपण विठोबाच्या पायावर डोके ठेवतो, दुसऱ्या क्षेत्री देवाला दुरूनच नमस्कार करतो, आणि दोन्हीत आपल्याला खटकत नाही. तरीही मन तयार नसेल तर मुळीच आग्रह करू नये. जायच्या आधी हवे तर चेंबूरला छेडानगरच्या मुरुगन मंदिरात त्यांना नेऊन आणा. तिथे दर्शनाला आलेल्या सुवासिनी पाहून त्यांचे त्यांनाच ठरवता येईल.

पायऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. मुख्य गुंफेपर्यंत २७२ पायऱ्या आहेत आणि त्या चांगल्याच उभ्या आहेत, तेव्हा गुडघेदुखी असताना तो विचार सोडावा. परंतु पायथ्याशीच ४२.७ मीटर उंचीची मुरुगनाची सोनेरी मूर्ती आहे, आणि रेल्वे स्थानकाच्या बाहेर पडताच १५ मीटर उंचीचा हिरवा हनुमान व शेजारी रामायण गुंफा आहे. गुंफेत रामकथेचे प्रसंग मूर्तिरूपात मांडले आहेत. झोपलेला कुंभकर्ण आणि त्याला उठवणारी मंडळी पाहून माझ्या आईने तिथे तासभर काढला. तीन पिढ्यांनी एकाच वेळी दोन ठिकाणे पाहावीत: मुलगी आणि वडील पायऱ्या चढतील, आपण दोघी रामायण गुंफेत राहाल. वर जाणाऱ्या मुलीचे गुडघे झाकलेले असावेत आणि हातात खाण्याची पिशवी नसावी, माकडे फार आहेत.

मुलुंडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माटुंगा_पूर्व यांचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. स्कंदषष्ठीचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाल्या, 'म्हणजे तिकडे देवाचा संसार आहे.' रविवारी चेंबूरला जाऊन यायचे त्यांनीच ठरवले आहे. मुलीने ताऱ्याची आकृती काढली असून वर्तुळाचे तुकडे किती मोठे असावेत यावर तिचा आणि वडिलांचा वाद चालू आहे.

आता एकच शंका उरली. मनोऱ्यांवर मुलगी आणि माझे यजमान जातील. त्यासाठी सकाळची वेळ घ्यावी की सूर्यास्ताची? छायाचित्रे पाहता सूर्यास्ताची वेळ सुंदर दिसते. आणि त्या वेळात आम्ही दोघींनी काय करावे?

पायपीट

सकाळची घ्या. त्या महिन्यांत क्वालालंपूरला दुपारनंतर गडगडाटासह पाऊस पडण्याची सवयच आहे, आणि एकदा ढग उतरले की ८६व्या मजल्यावरून पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. सूर्यास्ताची तिकिटे काढून माझे हेच झाले. शिवाय मनोऱ्यांवर गेल्यावर मनोरेच दिसत नाहीत. म्हणून दिवे लागलेले मनोरे वरून पाहायचे असतील तर बुकित नानासच्या टेकडीवरच्या ४२१ मीटर उंचीच्या केएल मनोऱ्यावर जावे. तो चालू आहे याची त्या दिवशी खात्री करून घ्यावी.

बकुळफूल

पायपीट यांच्याशी सहमत. त्या वेळात आपण दोघींसाठी माझी एक सूचना आहे, मात्र ती सकाळी लवकर अमलात आणावी. टॅक्सीने कांपुंग बारूला जा. खांबांवर उचललेली लाकडी घरे, अंगणात केळी आणि आंबा, दारात वाळत घातलेले कपडे, आणि त्यांच्यामागे पेट्रोनासचे मनोरे. गिरगावातली खोताची वाडी ज्यांना जिव्हाळ्याची वाटते त्यांना ही जागा लगेच कळते. १९०० च्या सुमारास मलय लोकांसाठी राखून दिलेली ही वस्ती आहे आणि तिथल्या जमिनीचे पुढे काय व्हावे हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. त्यामुळे ती जशी आहे तशी आताच पाहून घ्यावी.

वस्तीच्या कडेला सालोमा पूल आहे. २०२० साली खुला झालेला हा पादचारी पूल अवघा ६९ मीटर लांब असून क्लांग नदी आणि महामार्ग ओलांडून मनोऱ्यांच्या बाजूला उतरतो. त्याचे छत मलय लग्नातल्या विड्याच्या पानांच्या रचनेवरून सुचले आहे. हे सासूबाईंना आधी सांगू नका, पुलावर उभे राहून त्यांनाच विचारा की हे कशासारखे दिसते. पलीकडे टॅक्सी बोलावून उद्यानात या, तोपर्यंत वर गेलेले दोघे खाली आलेले असतील.

जुना_स्थापत्यकार

मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या वादात थोडी भर घालतो. दोन चौरसांच्या छेदामुळे ताऱ्याला आठ टोके आणि आठ आतल्या खाचा मिळतात. वर्तुळाचे तुकडे त्या आठ खाचांत बसतात, त्यामुळे बाहेरच्या रेषेवर एकूण सोळा फुगवटे दिसतात, एक टोकदार आणि एक गोल असे आळीपाळीने. परिघावरचे मुख्य स्तंभही सोळाच आहेत. ते बहुतांशी खाचांच्या आत लपलेले असतात, म्हणून बाहेरून दिसत नाहीत. पुलावर उभी असताना तिने समोरच्या मनोऱ्याच्या भिंतीवर हे सोळा फुगवटे मोजण्याचा प्रयत्न करावा. एका जागेवरून त्यांतले निम्मेच दिसतील. बाकीचे ८६व्या मजल्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे पाहताना मिळतात का, ते तिने परतल्यावर इथे जरूर लिहावे.